डाव्या मनगटाचा फोटो

पुस्तिकेच्या अकराव्या पानावर, त्या वर्षासमोर, लिहिलं होतं : सहभाग नाही.

पुस्तिका तिला कुणी वाचायला दिली नव्हती. संघाच्या व्यवस्थापक बाईंनी सकाळी एक्स-रे विभागात, ती फोटो काढायची तिथल्या टेबलावर, कागदांचा गठ्ठा ठेवला होता. त्यात संस्थेचं पत्र होतं, बारा मुलींची यादी होती, बारा जन्मदाखल्यांच्या प्रती होत्या, आणि त्यातच ही पुस्तिकाही आली होती. गुळगुळीत कागद, वर नेटवर झेपावलेल्या चार हातांचं चित्र. आत सोळा वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय व्हॉलीबॉल संघाची आजवरची कामगिरी एका तक्त्यात मांडलेली होती : वर्ष, खेळलेले सामने, जिंकले, हरले, क्रमांक. नववा, सातवा, अकरावा, पुन्हा नववा. एकदा पाचवा, आणि त्या पाचव्यापुढे कंसात, आजवरची सर्वोत्तम कामगिरी. रोज फोटो वाचायची तशी ती तक्ता वाचत गेली. आधी सगळा एकदम, मग कडा, मग जिथे काहीतरी असणार हे आधीच ठाऊक असतं ती जागा. त्या जागी ‘बाद’ हा शब्द असणार याची तिला खात्री होती. बत्तीस वर्षं तो शब्द कुठल्यातरी कपाटातल्या कुठल्यातरी फाइलीत असणार असं ती धरून चालली होती. कुणी पायात खडा घेऊन चालायला शिकावं तशी ती त्या शब्दासकट चालायला शिकली होती. तो शब्दच तिथे नव्हता. सामने : एक आडवी रेघ. जिंकले : रेघ. हरले : रेघ. सहभाग नाही.

चार सामने झाले होते. चारही जिंकले होते. चौथ्यात पाचवा सेट पंधरा-तेरा, आणि शेवटचा गुण तिचा. ती सेटर होती, स्मॅशसाठी चेंडू वर उचलून देणारी. समोरच्या तिघी स्मॅश अडवायला उडाल्या आणि तिने दुसऱ्याच स्पर्शाला चेंडू बोटांनी हलकेच पलीकडे टाकला, झोपलेल्या बाळाच्या अंगावर चादर टाकावी तसा. तो चेंडू जमिनीला लागल्याचा आवाज तिला अजून आठवतो. फार मोठा नव्हता. आवाज मागाहून आला तो बाकावरच्या मुलींचा. त्या संध्याकाळी त्या पहिल्या चारांत होत्या, आणि त्या संघातली कुठलीच पिढी तोवर तिथे पोचली नव्हती. त्यानंतरही नाही, हे आता तक्ताच सांगत होता. मग ते सामने कुणी खेळले? तिने पुस्तिका मिटली, पुन्हा उघडली. छपाईची चूक असती तर बरं झालं असतं, असं वाटलं आणि लगेच कळलं की ही चूक नाही, ही सोय आहे. बाद झालेला संघ दाखवायचा म्हणजे कारण दाखवावं लागतं. न गेलेल्या संघाला कारण लागत नाही.

बाहेरच्या बाकांवर मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. परवा त्यांना स्पर्धेला निघायचं होतं आणि त्याआधी प्रत्येकीच्या डाव्या मनगटाचा फोटो हवा होता. मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकापाशी, वाढत्या वयात एक काळी रेघ दिसते. हाड तिथून वाढतं. वाढ संपली की रेघ बुजते. रेघ पूर्ण बुजलेली दिसली की मुलगी सोळाच्या पुढची, असं संस्थेचा नियम धरून चालतो. दाखला काहीही म्हणो.

“हाताला शॉक बसतो का गं?” बाहेर एकजण विचारत होती.

“बसतो ना. तुझे केस आधीच उभे आहेत, तुला कळणारसुद्धा नाही.”

“गप्प बसा गं, इथे पेशंट आहेत,” व्यवस्थापक बाई म्हणाल्या.

“मॅडम, आपण पण पेशंटच झालो की. हिला तर डोक्याचा फोटो काढायची गरज आहे.”

हसणं भिंतीवरून घरंगळत आत आलं. त्या हसण्याची जात तिच्या ओळखीची होती. भीतीच्या आदल्या दिवशीचं हसणं. त्यांच्याही वेळी असंच झालं होतं. उपांत्य सामन्याच्या आदल्या सकाळी प्रतिस्पर्धी संघाने तक्रार केली, आणि तीन मुलींना गाडीत घालून एका परक्या दवाखान्यात नेलं. एक लंबू, एक डावखुरी आणि ती. वाटेत लंबू म्हणाली होती, “आजी, तुझी काठी घेतलीस ना?” संघात तिला सगळ्या आजीच म्हणायच्या. कारण साधं होतं. ती सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या तपासायची, पाणी प्या म्हणून मागे लागायची, दिवे लवकर घालवायची. संध्याकाळी निकाल आला : रेघ एकट्या तिचीच बुजलेली, सगळा संघ बाद. तेव्हा खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याने लंबूला एकच प्रश्न विचारला : “तुम्ही सगळ्या हिला आजी का म्हणता?” लंबू उत्तर द्यायला गेली, तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नाड्या, पाणी, दिवे, हे सांगायला काय अवघड होतं? पण त्या खोलीत, त्या टेबलासमोर, ते सगळं बनवाबनवीसारखं वाटलं असतं. अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये बाकीच्या अकरा मुली होत्या, प्रशिक्षक होते, आणि तिच्या शेजारची जागा मोकळी होती. कुणी भांडलं असतं तर तिला बोलता आलं असतं. कुणी भांडलं नाही. मधल्या थांब्यावर डावखुरीने तिला चहा आणून दिला आणि न बोलता निघून गेली. आजारी माणसाला द्यावा तसा.

घरी आल्यावर तिने आईला विचारलं होतं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. “आई, मी नक्की कुठल्या साली झाले?” आईने हातातली घडी थांबवली. “अगं, तू झालीस तेव्हा तुझ्या मामाची नोकरी नुकती लागली होती. का लागायची होती? दाखल्याचं तुझ्या बाबांनीच बघितलं. तेही उशिराच. एखादं वर्ष इकडे तिकडे झालं असेल, त्याचं एवढं काय घेऊन बसलीस?” आईच्या दृष्टीने ते सांत्वन होतं. एखादं वर्ष. आईने घडी पूर्ण केली, हाताने सारखी केली आणि दुसऱ्या कपड्याला हात घातला. त्या दिवसापासून ती स्वतःचं वय सांगताना किंचित थांबते. फॉर्म भरताना, बँकेत, डॉक्टरकडे. नवरा एकदा म्हणाला होता, “बायका वय चोरतात हे ऐकलं होतं, विसरतात हे तुझ्याकडूनच कळलं.” ती हसली होती. आता सत्तेचाळीस. किंवा अट्ठेचाळीस. मागे लागलेलं हे ‘किंवा’ कुणाला दिसत नाही, पण ते तिच्या वाढदिवसाला येतं आणि न बोलावलेल्या नातेवाइकासारखं दारातच उभं राहतं.

या कामात ती आली त्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिला ते यंत्र बघायचं होतं, ज्याला तिच्याबद्दल तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात, वाढीच्या प्रकरणात, तळटिपेत एक वाक्य सापडलं : निरोगी मुलींमध्ये हाडांचं वय खऱ्या वयाच्या दोन वर्षं पुढे किंवा मागे असू शकतं. तिने त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग ती पुस्तक मांडीवर घेऊन वाचनालयात बसून राहिली. हे कुणाला दाखवायचं? प्रशिक्षक तोवर वारले होते. लंबूला तिने पत्र लिहिलं, त्या वाक्याची नक्कल करून. उत्तर आलं नाही. पत्ता बदलला असेल. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याने ती सुटलीही नव्हती. हाड दोन वर्षं पुढे असू शकतं म्हणजे ते होतं असं नव्हे. तिचं हाड लवकर पिकलं होतं का बाबांनी तारीख अलीकडची लिहिली होती, हे आता हाडालाही माहीत नव्हतं. आईबाबा दोघंही गेले. साक्षीदार उरलं ते एक मनगट, आणि ते कधीच बंद झालं होतं.

अकरा मुली झाल्या. सगळ्यांच्या रेघा स्वच्छ होत्या, काळ्या, कंगव्याच्या फटीइतक्या. बारावी आत आली ती सगळ्यांत बुटकी. निळी जर्सी इतरांहून वेगळ्या रंगाची, म्हणजे मागे उभं राहून पडणारा प्रत्येक चेंडू उचलणारी. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “खार, दात नको काढून दाखवूस, हाताचाच फोटो आहे!”

“काकू, कुठे बसू?” खारीने विचारलं, आणि दाराकडे बघून जीभ चावली. “मॅडम.”

“काकूच म्हण. बस. डावा हात इथे. बोटं थोडी फाकव.”

तिच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. तळहात खरबरीत, मनगटाच्या वर चेंडूने मारून मारून आलेले लाल ठिपके. तिने तो हात धरला आणि टेबलावर ठेवला, रोज धरते आणि ठेवते तसा.

“मी पंधरा वर्षं सात महिन्यांची आहे,” खार म्हणाली.

“मी विचारलं का?”

“नाही. पण सगळेच विचारतात. मला सगळं लवकर आलं ना. दातसुद्धा. बाबा म्हणतात, तुला कुठे जायची एवढी घाई होती कोण जाणे.” मग हसून, “काकू, मी पहिल्यांदाच विमानात बसणार आहे. उलटी होते का?”

“बोलू नकोस आता. हलू नकोस.”

काचेमागे जाऊन तिने बटण दाबलं. पडद्यावर हात उमटला. पांढरी बोटं, मनगटाची आठ लहान हाडं, दगड रचावेत तशी. आणि तिथे, त्या टोकाशी, रेघ होती आणि नव्हती. अंगठ्याकडच्या कडेला एक पुसट काळी चीर, मध्यापर्यंत येऊन विरलेली. ती कदाचित अर्धवट उघडी रेघ होती. कदाचित एका हाडाच्या कडेवर दुसऱ्याची पडलेली सावली. असे शेकडो फोटो तिने पाहिले होते आणि डॉक्टर त्यांवर काय लिहितात हेही तिला पाठ होतं : पूर्ण बंद झालेली दिसत नाही. तेवढं पुरतं. खार गेली असती.

पण तेवढं तिला पुरलं नाही. पुसट, दिसत नाही, कदाचित, हे शब्द तिला नको होते. या शब्दांनी एखादी मुलगी विमानात बसते आणि उद्या चार सामने जिंकल्यावर कुणीतरी तक्रार करतं, आणि मग पुन्हा एक परका दवाखाना. तिला या मुलीच्या हातात असा फोटो द्यायचा होता, की ज्याच्यासमोर कुणी बोट उचलू नये. आणि तो कसा काढायचा ते तिला येत होतं. नेहमीच्या पद्धतीत किरणांचा मध्य मधल्या बोटाच्या पेरावर असतो, त्यामुळे मनगटापर्यंत ते थोडे तिरके पोचतात. रेघ अरुंद असेल तर त्या तिरकेपणात झाकली जाते. मध्य मनगटावर आणला की किरण रेघेतून सरळ जातात. उघडी असेल तर ती उघडी दिसते. पावसाने फुगलेल्या दारासारखं होतं हे, कुठून बघता त्यावर फट दिसायची का नाही ते ठरतं. पुन्हा फोटो काढायचा तर यंत्र कारण विचारतं, आणि नवा पसंत केला की पहिला पुसून टाकतं. तिने यादीतलं पहिलंच कारण निवडलं : हालचाल.

“हललीस गं तू.”

“मी? नाही हलले, काकू.”

“हललीस थोडी. होतं असं. परत काढू.”

खारीने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो तिला न विचारता काही करून बसला होता. या वेळी तिने श्वासही रोखला. चिकटपट्टीच्या बोटांपासून खांद्यापर्यंत सगळी ताठ झाली. किरणांचा मध्य मनगटावर आणून ती काचेमागे गेली. बटण दाबताना तिने, कितीतरी वर्षांनी, काहीतरी मागितलं. कुणाकडे ते तिलाही माहीत नव्हतं.

फोटो अप्रतिम आला होता. तिच्या सव्वीस वर्षांतल्या उत्तम फोटोंपैकी एक. प्रत्येक कड धारदार, हाडाच्या आतली जाळी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. आणि जिथे चीर होती तिथे चीर नव्हती. ती सावलीच होती. तिच्या जागी एक बारीक पांढरी रेघ, जुन्या शिवणीसारखी. बंद. पूर्ण बंद.

तिने दुसऱ्या फोटोकडे पाहिलं, आणि खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढ्या झालेल्या पहिल्याकडे. पहिला अजून गेला नव्हता. दुसरा पसंत केला की जाणार होता. नापसंत केला तर राहणार होता. इतकं सोपं होतं. यात खोटं काहीच नव्हतं. पहिला फोटोही याच हाताचा, याच यंत्रावरचा, नियमाप्रमाणे काढलेला. उलट नियमाबाहेर होता तो दुसराच. मुलगी खरंच पंधरा वर्षं सात महिन्यांची असेल. तिचे दात लवकर आले होते. दोन वर्षं पुढे किंवा मागे. हे सगळं तिच्या मनात एकामागून एक नीट उभं राहत होतं. तिला वाटत होतं की ती विचार करते आहे, अजून वेळ आहे. पण हात विचार करत नव्हता. सव्वीस वर्षं, दिवसाला साठ-सत्तर वेळा, या हाताने दोन फोटोंतला चांगला निवडला होता आणि वाईट टाकला होता. त्याला दुसरं काही कधी शिकवलंच नव्हतं. पडद्यावर हिरवी खूण उमटली तेव्हा तिला कळलं की तिने बटण दाबलं आहे. कोपऱ्यातला पहिला फोटो मिटला. शेजारच्या खोलीत डॉक्टरांच्या पडद्यावर दुसरा उघडल्याचा बारीक आवाज झाला.

ती उठली आणि तिकडे गेली. डॉक्टर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते, तिला ताई म्हणायचे.

“ताई, काय सुंदर फोटो काढलाय. शिकवायला वापरावा असा.”

“हाडं दोन वर्षं पुढे असू शकतात, डॉक्टर.”

“असू शकतात की. मी कुठे नाही म्हणतो?” त्यांनी चष्मा वर सरकवला. “पण मला वय नाही विचारलेलं. मला विचारलंय, रेघ बंद आहे का. तुम्हीच बघा. आहे ना?”

तिने पाहिलं. “आहे,” ती म्हणाली.

बाराच्या सुमारास व्यवस्थापक बाई अहवाल घेऊन बाहेर गेल्या. त्यानंतर बाहेरचं हसणं एकदम थांबलं नाही. ते एकेका मुलीपाशी थांबत गेलं, दिवे मालवत जावेत तसं. ती टेबलापाशी बसून राहिली. आपण बाहेर जायचं काही कारण नाही, हे तिला माहीत होतं. टेक्निशियन अहवाल देत नाही, निर्णय घेत नाही. तिने कापड घेऊन टेबलाची काच पुसली. स्वच्छच होती. दार अर्धं उघडं होतं.

“मी हलले, मॅडम,” खार सांगत होती. रडण्यात तिचे शब्द तुटत होते. “माझ्यामुळे झालं. मी हलले ना, म्हणून परत काढावा लागला. मी नीट बसले असते तर...”

“अगं हलण्याचा काय संबंध? हाडात दिसतंय ते.”

“नाही, काकू म्हणाल्या, मी हलले. मला कळलंच नाही मी कधी हलले.”

एकीने खारीच्या पाठीवर हात ठेवला होता, पण जपून, तापलेल्या भांड्याला लावावा तसा. अर्ध्या दारातून तिला तो हात दिसला, आणि त्या मुलीची खाली गेलेली मानही. ती मान परवा विमानात, खिडकीकडे वळलेली असेल. नंतर कुणी या मुलीशी भांडणार नाही. सगळ्या तिच्याशी चांगल्या वागतील. आणि ही मुलगी पंचविसाव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षी, भांडी घासताना नाहीतर रस्ता ओलांडताना थांबेल आणि हात बघेल : कधी हलला हा? गप्प राहिलं तर हे असंच होणार होतं, आणि गप्प राहणं अगदी सोपं होतं. कुणी काही विचारलेलंच नव्हतं.

ती दारात आली. शिशाचा ॲप्रन अजून अंगावरच होता.

“तू हलली नव्हतीस,” ती म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. व्यवस्थापक बाईंच्या कपाळावर आठी पडली. “म्हणजे?”

“पहिला फोटो व्यवस्थित होता. त्यात रेघ थोडी दिसत होती. तो गेला असता तर हिला जाऊ दिलं असतं. मी मुद्दाम परत काढला. हलली असं मी सांगितलं, ते खोटं होतं.”

“मग तो पहिला द्या ना, बाई! अजून वेळ आहे.”

“तो पुसला गेला. आणि दुसरा खोटा नाही.”

“मग हे आम्हाला आत्ता कशाला सांगताय?” बाईंचा आवाज चढला. “पोरीच्या जखमेवर मीठ चोळायला? तुम्हाला काय मिळालं यातनं?”

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते बत्तीस वर्षं लांब होतं आणि त्यातलं एक अक्षरही या मुलीच्या कामाचं नव्हतं. छापील पुस्तिकेप्रमाणे तर ते घडलंच नव्हतं. ती बाईंकडे न बघता खारीकडे बघत राहिली. खारीचं रडणं थांबलं होतं. तिने चिकटपट्टी लावलेल्या बोटांनी नाक पुसलं.

“मी सांगत होते ना, मी नाही हलले,” ती हळू म्हणाली.

“हो. सांगत होतीस.”

“मग का काढला परत?”

“मला वाटलं, अजून चांगला येईल.”

खार उठून उभी राहिली. शेजारणीचा हात तिने पाठीवरून झटकला. आतापर्यंत तिचा चेहरा स्वतःच्याच अंगावर कोसळत होता. तो एकेक करून सावरला, आधी हनुवटी, मग ओठ, मग डोळे. समोरच्या सर्व्हिसकडे बघावं तसे ते डोळे वर आले आणि तिच्यावर स्थिर झाले. त्यांत आता शंका नव्हती. निव्वळ, धडधडीत राग होता, आणि तो कुणावर करायचा ते तिला कळलं होतं.

“तुम्ही केलंत,” खार म्हणाली.

“मी केलं,” ती म्हणाली, आणि तो राग पुरता आपल्यावर येईपर्यंत तशीच दारात उभी राहिली.